भिंतीपलीकडचे तीन ठोके

डेस्मंड पिलबीमने आयुष्यातलं पहिलं घर घेतलं ते सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तेही अर्धंच. लिनेट क्लोज नावाच्या त्या गल्लीत सगळी घरं जोडीने उभी आहेत. एका छपराखाली दोन, आणि मधली भिंत दोघांची. चौदा नंबर डेस्मंडचं. भिंतीपलीकडे, सोळा नंबरात, मिसेस ओकशॉट नावाची चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा एकटी राहायची.

त्याआधीचं सगळं आयुष्य त्याने आईबरोबर स्टेशनजवळच्या एका लॉन्ड्रीवरच्या भाड्याच्या खोल्यांत काढलं होतं. खाली यंत्रं घरघरायची. डेस्मंडने जरा रेडिओ लावला की वरचा ड्रायव्हर बुटाने जमीन ठोकायचा, नाहीतर शेजारीण भिंतीवर झाडूचा दांडा आपटायची. "ठोकलं बघ, ठोकलं! बंद कर राजा तो रेडिओ," आई कुजबुजायची. "लोकांना आपला त्रास नको." ठोकणं म्हणजे 'गप्प बस', हे डेस्मंडला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक होतं.

आई गेल्यावर तो घर बघायला निघाला. बसच्या पासांवर शिक्के मारण्याची नोकरी, ना बायको ना मूल, त्यामुळे शिल्लक बरी होती. चौदा नंबर बघायला आला तेव्हा त्याने ना ओल तपासली ना नळ सोडून पाहिले. पुढच्या खोलीत श्वास रोखून उभा राहिला.

"काय ऐकताय?" एजंटने विचारलं.

"काहीच नाही," डेस्मंड म्हणाला. "तेच ऐकतोय."

इथे घर विकणाऱ्याला एक फॉर्म भरून द्यावा लागतो. शेजाऱ्यांशी कधी वाद, काही तक्रार? असेल तर लिहा. लपवाल तर पुढे कोर्ट आहे. जुने मालक म्हातारे टनिक्लिफ, मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला होता. त्यांनी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं. डेस्मंडने तो 'नाही' बोट ठेवून तीनदा वाचला. या एका शब्दासाठी इथली माणसं काय काय गिळतात! शेजाऱ्याचं झाड डोक्यावर पडलं तरी 'सावली छान आहे हो' म्हणतील. कारण तक्रार एकदा झाली की ती घराला चिकटली, विकताना सांगावीच लागणार.

ऑक्टोबरात तो राहायला आला. जिन्याखालच्या कपाटात एक किल्ली खिळ्याला टांगलेली होती, तिला कागदाची चिठ्ठी बांधलेली: 'ओकशॉट'. दुसऱ्याची वस्तू, म्हणून त्याने तिला हात लावला नाही. परत देण्यासाठी घंटी वाजवायला हवी, आणि कामाशिवाय कुणाची घंटी कशी वाजवायची? तो नाकासमोर चालणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता भिंतीवर तीन ठोके पडले. स्पष्ट, सावकाश. टक, टक, टक.

रेडिओ हळू आवाजात चालू होता, तो डेस्मंडने लगेच बंद केला. दुसऱ्या दिवशी रेडिओ लावलाच नाही. तरी ठोके पडले. किटलीच्या शिट्टीमुळे असेल म्हणून पातेल्यात पाणी तापवायला लागला. खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे तुकडे चिकटवले. जिन्याची करकरणारी चौथी पायरी तो ओलांडून जायचा. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचा. स्वतःच्या घरात चोरासारखा वावरायला लागला बिचारा, तरी रोज सातला टक, टक, टक.

मंगळवारी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना दोघांची गाठ पडायची.

"काय मिस्टर पिलबीम, सगळं ठीक?"

"ठीक, ठीक. तुम्ही कशा आहात?"

"आहे बाई अजून!" म्हातारी हसायची आणि घटकाभर त्याच्याकडे बघत राहायची, त्याने काहीतरी बोलावं अशी वाट बघत. डेस्मंडला वाटायचं, हिला माफी हवी आहे. पण माफी मागितली की तक्रार झाली हे कबूल केलं, मग फॉर्ममधल्या त्या 'नाही'चं काय? तो हवेबद्दल दोन शब्द बोलून आत पळायचा. तिने तरी सरळ विचारायचं! पण तीही त्याच मातीची.

मार्चमधल्या एका रविवारी सात वाजले आणि ठोके पडले नाहीत. सव्वासात झाले, साडेसात झाले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा! पाच महिन्यांत पहिल्यांदा डेस्मंडने किटलीला शिट्टी मारू दिली. अंडी तळली, रेडिओ लावला, मोठ्याने लावला, आणि स्वयंपाकघरात एकट्याने चक्क दोन गिरक्या घेतल्या. इतका सुखी तो त्या घरात आधी कधी नव्हता, आणि नंतरही कधी झाला नाही.

दुपारी चारला ठोके आले. नेहमीच्या जागी नाही, खाली, जमिनीलगत. हलके. टक, टक. मग बऱ्याच वेळाने टक.

डेस्मंडचा चेहरा उतरला. लाज वाटली त्याला. त्याने रेडिओ बंद केला, चपला काढल्या आणि खुर्चीत हात मांडीवर ठेवून निश्चल बसून राहिला. थोड्या वेळाने ठोके थांबले. आपण गप्प बसलो म्हणून थांबले, असं त्याला वाटलं.

सोमवारी शांतता होती. मंगळवारी सोळा नंबरचा डबा बाहेर आला नाही. चांगला शेजारी म्हणून डेस्मंडने तो स्वतः ढकलत रस्त्यावर नेऊन ठेवला, अगदी पाय न वाजवता. घंटी मात्र वाजवली नाही. बुधवारी म्हातारीची भाची हेझल आली, आणि तिच्यामागून अ‍ॅम्ब्युलन्स आली. तिला आता काही घाई नव्हती.

आठवड्याभराने हेझलने डेस्मंडची घंटी वाजवली. हातात एक लाकडी चमचा आणि एक किल्ली.

"ही तुमच्या घराची. मावशीकडे असायची. टनिक्लिफकडेही आमची असणार."

"कशासाठी?" डेस्मंडने विचारलं.

"अहो, त्यांचं ठरलेलं होतं ना. सव्वीस वर्षं! सातला मावशीने या चमच्याने ठोकायचं, टनिक्लिफनी उलट ठोकायचं. जिवंत आहे म्हणून. उत्तर आलं नाही तर किल्ली घेऊन जायचं. तुम्हाला ते सांगून गेले नाहीत?"

तिने पुढे केलेली किल्ली आणि चमचा डेस्मंडने हातात घेतला.

"मी म्हणायचे, मावशी, नवा माणूस उत्तर देत नाही तर सोड की. ती म्हणायची, लाजाळू आहे गं, देईल एक दिवस. त्यालाही कुणी नाही." हेझलने डोळे पुसले. "डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दिवसभर तरी जिवंत असावी. भिंतीशीच होती. तुम्हाला काही ऐकू नाही ना आलं?"

"नाही," डेस्मंड म्हणाला.

फॉर्ममधल्या त्या 'नाही'सारखाच हाही 'नाही', फक्त हा खोटा होता. दार लावून तो जिन्याखालच्या कपाटात गेला. 'ओकशॉट' चिठ्ठीची किल्ली खिळ्याला तशीच होती. तो तिथेच खाली बसला आणि आईच्या मागे रडला नव्हता तेवढा रडला.

तेव्हापासून दुपारी चारला खालून ठोके येऊ लागले. रिकाम्या घरातून. त्याने प्लंबर आणला. पाइप थंड झाले की वाजतात, तो म्हणाला. पण पाइप त्या भिंतीत नव्हतेच. डेस्मंडने नोकरी मुदतीआधीच सोडली आणि रोज चारला भिंतीपाशी जमिनीवर बसू लागला. टक, टक, आणि मग टक. तो चमच्याने उत्तर द्यायचा. फार उशिरा दिलेलं उत्तर, पलीकडे कुणी ते घ्यायचं नाही; ठोके रोज येतच राहायचे. सकाळी सातलाही तो तीन ठोके द्यायचा, म्हातारीच्या वाटचे.

आठ महिन्यांनी सोळा नंबर विकलं गेलं. बेथन आणि तिचा नवरा, तान्ही मुलगी घेऊन आले. डेस्मंडला वाटलं, जाऊन सगळं सांगावं. पण नव्या लोकांच्या दारात कामाशिवाय कसं जायचं? तो नुसता सातला ठोकत राहिला. देतील उत्तर एक दिवस.

पहिल्या आठवड्यात पलीकडून गाणी ऐकू यायची, बाळाचं रडणं, भांड्यांचा आवाज. मग गाणी थांबली. मग पावलं थांबली. तिसऱ्या आठवड्यात दाराच्या फटीतून एक कार्ड आत पडलं. वर फुलं, आत लहान अक्षर: 'आमचा फार त्रास होतोय, माफ करा. बाळाचा पाळणा मागच्या खोलीत हलवला आहे. यापुढे आवाज येणार नाही.'

डेस्मंडने कार्ड दोनदा वाचलं. पायात चपला होत्या की नव्हत्या याचंही त्याला भान नव्हतं. तो तसाच बाहेर पडला आणि जन्मात पहिल्यांदा शेजाऱ्याची घंटी वाजवली.

बेथनने दार अर्धं उघडलं. कडेवर मूल. "सॉरी हं, ती आत्ता रडली ना, दात येतायत..."

"रडू दे!" डेस्मंड जवळजवळ ओरडलाच. "गाणी लावा. नाचा. मी रागावून ठोकत नाही हो. मी विचारतो, तुम्ही बरे आहात ना. तुम्ही नुसतं उलट ठोका." आणि त्याने दारातच सगळं सांगून टाकलं. चमचा, किल्ली, रविवार, रेडिओ. हेझलला सांगितलं नव्हतं तेही.

बेथनने त्याच्या हाताला हात लावला. "ठोकू आम्ही. रोज सातला. अहो, आम्ही घाबरून मोज्यांवर चालत होतो!" ती हसली. मग बाळाला दुसऱ्या कडेवर घेत तिने विचारलं, "पण दुपारचं काय? चारचं? ते खालून येतं ना, जमिनीलगत. मला वाटलं, तेही तुम्हीच. त्याला कसं उत्तर द्यायचं?"

डेस्मंडने तिच्या मागच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला पाच मिनिटं होती.

"त्याला तुम्ही नका देऊ," तो म्हणाला. "ते माझ्यासाठी आहे."

आणि तो घाईघाईने घरी गेला.