मिरगी म्हणजे मिरगीच

कटरे डॉक्टर गेले तेव्हा मी भाव तोडत होतो. एका राईस मिलच्या ओसरीवर उभा होतो, मूठभर कोंडा तळहातावर चोळत होतो आणि यात तूस मिसळलंय म्हणून मिलवाल्याशी भांडत होतो. फोन वाजला, मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग माझ्या मुलीचा, रोशनीचा आला. तो मी कधी कापत नाही. "बाबा, डॉक्टरकाका गेले... सकाळी चहा पिता पिता," ती म्हणाली. मी कोंडा झटकला आणि मिलवाल्याला म्हटलं, "दे, तू म्हणतोस त्या भावानं दे." गोंदियाच्या बाजारात हमाल म्हणून पाठीवर पोती वाहिली, मग त्याच बाजारात कोंड्याचा दलाल झालो, पण 'तू म्हणतोस त्या भावानं' हे वाक्य माझ्या तोंडून त्याआधी कधी निघालं नव्हतं. मिलवाला घाबरून म्हणाला, "सेठ, तबियत तो ठीक है ना?"

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मधे शोकसभाही झाली. तिथे आमच्या शहरातले एक मोठे डॉक्टर बोलायला उभे राहिले. कटरेंचा हात चांगला होता, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मनावर घेतलं असतं तर स्वतःचं हॉस्पिटल उभं केलं असतं, पण ते इंटरनेटवर लेख दुरुस्त करण्यात रमले, असो, छंद प्रत्येकाला असतो, असं ते म्हणाले. छंद! मी जागेवरूनच ओरडलो, "पोस्टाचे तिकीट जमा करत होते का जी ते?" लोकांनी माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. ठीक आहे. तेव्हा बसलो. आता लिहितो आहे, आता कोण बसवतो ते बघू.

डॉक्टर काय करत होते ते आधी सांगतो, कारण पुष्कळांना तेच माहीत नाही. इंटरनेटवर एक मोठा ज्ञानकोश आहे. कोणीही वाचावा, कोणीही लिहावा, कोणीही दुसऱ्याचं लिहिलेलं बदलावं, असा. त्यात मराठीत रोगांबद्दल जे लेख आहेत ते चुकीचे असतात, अर्धे असतात, नाहीतर असे लिहिलेले असतात की रोग परवडला. काही डॉक्टर मिळून ते नीट करत होते. नागपूरचे एक, सोलापूरच्या एक बाई, परदेशात गेलेला एक तरुण आणि गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या छोट्या दवाखान्यातून आमचे कटरे डॉक्टर. दर रविवारी पडद्यावर जमायचे आणि एकेका वाक्यावर भांडायचे. यात पैसा नाही. लेखाच्या खाली नावसुद्धा येत नाही. मी त्यांना एकदा विचारलं होतं, "नाव नाही, पैसा नाही, तर या धंद्यात आहे काय डॉक्टरसाब?" ते म्हणाले, "गिऱ्हाईक आहे ना बापा. घरात पोरगी पडली का बाप पयले मोबाइल काढते. त्याले माझं नाव कायले पायजे?"

हे त्यांनी हवेतलं सांगितलं नव्हतं. तो बाप मीच होतो. रोशनी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. तिरोड्याला लग्नात जेवणाच्या पंगतीत ती अचानक पडली, हातपाय झाडू लागली. बायका धावल्या. एकीनं पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली, दुसरीनं तोंडात स्टीलचा चमचा कोंबला. येताना वाटेत मुर्रीला डॉक्टरांची पाटी दिसली म्हणून गाडी थांबवली. पोरीच्या ओठातून रक्त येत होतं, पुढचा एक दात तुटला होता. डॉक्टरांनी तपासलं, सगळं विचारून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मिरगीनं दात नाही पडला हिचा. चमच्यानं पडला. कोन घातला होता चमचा?" मी तापट माणूस. म्हटलं, "ज्यांनी घातला त्यांनी जीव वाचवायला घातला. तुम्ही नव्हते ना तिथं!" ते म्हणाले, "तेच म्हणून राहिलो मी. मी नव्हतो. कोनीच नव्हता. मोबाइल तं होता ना खिशात? काढा. शोधा."

मी 'मिरगी' टाकून शोधलं. ताईत निघाले, एक बाबा निघाला, बंद डब्यातली कसली तरी भुकटी निघाली. ज्ञानकोशातलं काहीच निघालं नाही. डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला, 'अपस्मार' टाकलं, आणि लेख निघाला. तीन-चार ओळींचा. मी विचारलं, "अपस्मार म्हणजे?" डॉक्टरांनी फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "म्हंजे तुमच्या पोरीले जे झालं ते. आपल्या लोकाइले सापडू नये म्हणून त्याचं नाव बदलून ठेवलं आहे." त्याच आठवड्यात त्यांनी तो लेख हाती घेतला.

त्यात माझी नेमणूक झाली, न विचारता. पोरीची औषधं न्यायला गेलो की डॉक्टर मला पेशंटच्या स्टुलावर बसवायचे, दोरीला बांधलेला चष्मा नाकावर चढवायचे आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचायचे. वाचून झालं की एकच वाक्य: "आता तू सांग." मग मी ते माझ्या भाषेत सांगायचं. नाही सांगता आलं तर वाक्य रद्द. कोणा भल्या माणसानं आधी लिहून ठेवलं होतं, 'झटका ओसरल्यावर रुग्णास पार्श्वस्थितीत ठेवावे.' डॉक्टरांनी वाचलं, मी सांगितलं, "झटका थांबला का माणसाले ढुंगणावर बसवायचं." डॉक्टर इतके हसले की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. "शेठ, तुम्ही एखादा माणूस मारला असता आज," म्हणाले, आणि 'कुशीवर वळवा' असं लिहिलं. मला राग आला होता. पण पार्श्वभाग म्हणजे दुसरं काय असतं, ते मला त्या लिहिणाऱ्यानं येऊन सांगावं!

खरी लढाई दोन जागी झाली. डॉक्टरांनी पहिल्याच ओळीत 'मिरगी' घातला, तर कोणीतरी 'हिंदी शब्द' म्हणून काढला. डॉक्टरांनी पुन्हा घातला, त्यानं पुन्हा काढला. दुसरं होतं चपलेचं वाक्य. 'चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका.' त्यावर आक्षेप आला की लोक चप्पल हुंगवतात याला संदर्भ काय? मी स्टुलावरून उठलोच. "संदर्भ? माझ्या पोरीचा दात हाच संदर्भ! फोटो पाठवतो त्याले!" डॉक्टर म्हणाले, "दात चालत नाही. छापील पुरावा लागते." मी म्हटलं, हा कुठला न्याय? तेव्हा ते जे बोलले ते माझ्या डोक्यात बसलं आहे. म्हणाले, "आज तुझा दात चालला, तं उद्या त्या बाबाचा ताईतही चालन. नियम चांगला आहे. आपण नियमात बसू." आणि हा माणूस, ज्याच्या दारात पेशंटची रांग, तो वैद्यकीय नियतकालिकं चाळत बसला, मित्रांकडून मागवत बसला. शेवटी पुरावा सापडला, वाक्याखाली लागला. 'मिरगी'ही लागला. त्या दिवशी त्यांनी मला बोलावून पेढा दिला, अर्धा. उरलेला अर्धा स्वतः खाल्ला, कारण त्यांच्या बायकोनं, काकूंनी, त्यांचं गोड बंद केलं होतं.

याचा उपयोग काय, असं शोकसभेतल्या त्या साहेबांना वाटत असेल. तर ऐका. रोशनीची औषधं नियमानं चालली, झटके थांबले. लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा आमच्या नात्यातले सगळे म्हणाले, सांगू नको. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तू कोंड्यात तूस चालवून घेते का?" मी मुलाच्या घरी जाऊन समोर सांगून टाकलं. मुलाची आई उठून आत गेली. आम्ही उठायच्या तयारीत. ती परत आली, हातात मोबाइल. "यात लिहून आहे का हा रोग लागत नाही, औषधानं बहुतेकाइचे झटके थांबते, लगन होऊ शकते. खरं आहे का जी हे?" मी पडदा बघितला. तेच वाक्य होतं. स्टुलावर बसून मी स्वतः सांगून दाखवलेलं. त्या बाईनं काय टाकून शोधलं असेल? अपस्मार? ती बोदलकशाकडच्या खेड्यातली, शेतात राबलेली बाई. तिनं मिरगीच टाकलं होतं. रोशनी आज त्याच घरात नांदते आहे.

आणि डॉक्टर जाऊन थोडे दिवस होत नाहीत तोच तो शब्द पुन्हा गेला. रोशनीनंच पाहिलं. ती फोनवर रडत होती, डॉक्टर गेले तेव्हासुद्धा अशी रडली नव्हती. पहिल्या ओळीतून 'मिरगी' गायब, चपलेचं वाक्य गायब, बदलाचं कारण म्हणून लिहिलेलं, 'भाषाशुद्धी'. डॉक्टर रोज सकाळी आपले लेख बघून यायचे, बांधावर फेरी मारावी तसे. राखणारा गेला की रानडुकरं धानात शिरतात. आता जी मुलगी कुठे पंगतीत पडेल तिच्या बापाला पुन्हा तोच बाबा आणि तोच ताईत.

मी आयुष्यात सौदे तोंडानं केले, टायपिंगशी माझा संबंध नाही. तरी रोशनीला घरी बोलावून, शेजारी बसवून खातं उघडलं आणि लेखाच्या चर्चेच्या पानावर त्या शुद्धीवाल्याला जे सुचलं ते सगळं सुनावलं. उत्तर आलं, सभ्य भाषा वापरा, अन्यथा बंदी घालू. मग सोलापूरच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. आम्ही कधी भेटलो नव्हतो. "दादा, तुम्ही दलाल आहात ना? मग बाजारात गिऱ्हाईकाला असंच बोलता का? सौदा करा की." हे मला समजलं. मी भाषा बदलली. मागणी केली की लेखाचं नावच 'मिरगी' करा, अपस्मार काढून टाका. ते मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. बाजारात पोतं मागावं तेव्हा पायली मिळते. तो माणूस तापला, लांबलचक लिहिलं, व्युत्पत्ती सांगितली. मी म्हटलं, चला, तुमचा मान राहू द्या. अपस्मार वर, मोठ्या अक्षरात. माझा शब्द पहिल्या ओळीत, आणि कोणी 'मिरगी' टाकलं तर हाच लेख उघडला पाहिजे. इतर लिहिणाऱ्यांनी होकार दिला, त्यानंही मान्य केलं. त्याला अजून वाटत असेल की तो जिंकला. चपलेच्या वाक्यावर भांडावंच लागलं नाही. त्याखाली कटरे डॉक्टरांनी लावलेला छापील पुरावा होता, डॉक्टरबाईंनी तो दाखवला आणि वाक्य मुकाट्यानं परत आलं. नियमात बसू, म्हणाले होते ते...

मुर्रीचा दवाखाना आता बंद आहे. काकू मुलाकडे जायच्या आधी मी भेटायला गेलो. त्या पेशंटच्या स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे घेऊन जा ना जी भाऊ. तुमचंच होतं हे." ते आता माझ्या गोदामात आहे. बसायला तिथं खुर्च्या आहेत, पण सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मी कोणाला तरी त्या स्टुलावर बसवतो, मोबाइल काढतो आणि डॉक्टरांचा एखादा लेख मोठ्यानं वाचतो. परवा गोदाम झाडणाऱ्या सुमनबाईला बसवलं. ती लाजली, पदर सावरला, तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली. मी वाचलं, "झटका ओसरला की माणसाला कुशीवर वळवा." मग म्हटलं, "आता तू सांग."

तिनं विचार केला. "कुशीवर म्हंजे करवटीवर ना जी? मंग तसं काऊन नाई लिवत?"

बरोबर आहे तिचं. गोंदियात कोण कुशीवर वळतो? सगळे करवट घेतात. मी त्याच सकाळी 'कुशीवर'च्या पुढे 'करवटीवर' घातलं. हिंदी म्हणून तो शुद्धीवाला काढणार, मला माहीत आहे. काढू दे. स्टूल इथंच आहे, मीही इथंच आहे, आणि सौद्यात आधी उठायची सवय मला नाही.