किती लिटरचं भाषण?

जनरेटरचाचा भाषण मिनिटांत मोजत नसत, लिटरमध्ये मोजत. घाटंजीत सभा असो की वरात, वीज गेली की लोक त्यांच्याकडे धावायचे आणि चाचा डिझेलची कॅन हलवत विचारायचे, "बोलो, किती लिटरचं हाय?" एखादा पुढारी "दोनच शब्द बोलणार" म्हणाला की चाचा दुप्पट भाडं आगाऊ मागायचे. टाकीत ओतलेलं संपलं की मशीन खोकून बंद. एका पुढाऱ्याचं वाक्य "या तालुक्याचा विकास मी" इथवर येऊन थांबलं. ते आजही तिथंच आहे.

सकाळी उठून ते आधी पांढरकवड्याच्या जावयाला फोन लावायचे. लेकीची खुशाली नंतर, डिझेलचा भाव आधी. जावई ट्रकवर होता, रोज नदी ओलांडून तेलंगणात जायचा. "नदीच्या अल्याड येक भाव, पल्याड दुसरा. धूर तं सारखाच काळा हाय ना बे!" चाचा ओरडायचे. चौकातली टमाटेवाली त्यांचं तोंड पाहूनच दिवसाचा भाव ठरवायची. फोन ठेवताना चाचांच्या कपाळाला आठी पडली की टमाटे महाग.

हे पाहून माझं डोकं फिरलं. मी दोन पानी पत्रक काढलं : डिझेलचा भाव म्हणजे गरिबाच्या चुलीचा ताप! पंपावरचा आकडा वाचा, जिल्ह्याचं दुखणं कळेल! चाचांनी त्याच पत्रकाने मशीन पुसलं. "कागद झकास हाय, लीडर. तेल मस्त पुसते."

तेव्हा डिझेल वाढलं म्हणून जीपवाल्यांनी आमच्या गावचं भाडं वाढवलं होतं. पुढे डिझेल उतरलं. भाडं ढिम्म! माझी आई बाजाराची पिशवी डोक्यावर घेऊन पायी घरी यायला लागली. सरळसरळ लूट होती ही. मी बाजाराच्या दिवशी निषेध सभा ठेवली. जनरेटर अर्थातच चाचांचा.

मी जागतिक बाजारपेठेपासून सुरुवात केली. चाचा खालून हाका मारत होते, "लीडर, मुद्द्यावर ये, टाकी खाली होऊन राह्यली!" मी कशाची ऐकते! करांचा समाचार घेऊन मी हात उंचावला, "म्हणून आमची एकच मागणी" आणि मशीन खोकलं. बंद.

जीपवाला संजू समोरच बोनेटवर बसला होता. तो टाळ्या पिटत म्हणाला, "चाचा, डिझेल वाढलं तवा तुम्ही भाडं तेच ठेवलं अन् अर्धीच कॅन ओताले लागले. आता उतरलं, तं पुरी कायले नाही ओतत? ताई माह्याच नावानं कायले बोंबलते?"

सगळा बाजार हसला. ज्या प्रवृत्तीविरुद्ध मी घसा फोडत होते, ती प्रवृत्ती माझ्याच माइकला वीज पुरवत होती!

चाचांचे कान लाल झाले. ते उठले, हातगाडीवरची कॅन उचलली आणि शेवटच्या थेंबापर्यंत टाकीत रिकामी केली. मशीन सुरू केलं, माझ्या हातातला माइक घेतला.

"संजू, म्या भरली. आता तू भाडं उतरव."

"पुढच्या बाजारापासून उतरवतो, चाचा."

"आजपासून!" बायांमधून आवाज आला. तो माझ्या आईचा होता. माइकची गरज नसलेला.

संजू गपगुमान जुनं भाडं पुकारू लागला. आई जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून घरी गेली. तिच्यामागे बाकीच्याही गेल्या. टाकी भरलेली होती, म्हणून मी भाषण पूर्ण केलं. ऐकायला एकटे चाचा. शेवटी ते म्हणाले, "बेटा, तुह्या तोंडाचा एव्हरेज लय भारी हाय."

मागच्या उन्हाळ्यात चाचा गेले. त्यांची शोकसभा त्याच चौकात झाली, बॅटरीवरच्या स्पीकरवर. तो दिवसभर चालतो. चाचांनी ज्यांची ज्यांची भाषणं तोडली होती, ते सगळे आले आणि एकेकाने पुरता सूड उगवला. 'विकास मी'वर अडकलेले पुढारी तर "दोनच शब्द" म्हणत परत परत सुरू होत होते. पुढचा नंबर माझा होता. हातात चार पानं होती.

तेवढ्यात संजू उठला, स्पीकरजवळ गेला आणि वायर उपटली.

सगळा चौक चाचांसाठी उभा राहिला. मी पानं घडी करून पर्समध्ये ठेवली.