चॅलेंजच्या डावात फुटलेलं गुपित

मंडळी, आज दुपारी इथे आखातात, आमच्या करामा भागातल्या घरात जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

या मंदीत गेल्या महिन्यात माझ्या नवऱ्याची, समीरची नोकरी गेली. लेक इरा सातवीत आहे. तिला उगाच टेन्शन नको म्हणून आम्ही काही सांगितलं नव्हतं. समीर रोज सकाळी ऑफिसचे कपडे घालून नोकरी शोधायला बाहेर पडायचा.

आज शुक्रवार, इथे दुपारनंतर सुट्टी. जेवणं झाल्यावर आम्ही तिघं चॅलेंज खेळायला बसलो. पत्ते पालथे टाकून काय टाकलं ते सांगायचं, आणि थाप पकडली गेली की सगळा ढीग उचलायचा.

"तीन राजे," समीर म्हणाला.

"चॅलेंज," इरा म्हणाली. निघाल्या दुऱ्या-तिऱ्या. दर वेळी हेच.

शेवटी तो वैतागला. "तुला कळतं तरी कसं गं?"

"बाबा, व्हेन यू लाय, यू बिकम टू हॅपी. ऑफिसला जातो म्हणतोस ना, तेव्हापण."

मग समीरनेच पत्ते खाली ठेवून तिला सगळं सांगितलं.

"आय नो," ती म्हणाली. "यू विल गेट अ न्यू जॉब, इन्शाल्ला. आता यल्ला, चल, ढीग उचल."

समीर इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभरात त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग अंधार पडेपर्यंत आम्ही खेळलो आणि तो मजेत हरत राहिला.

तुमच्या मुलांनाही तुम्ही न सांगितलेलं सगळं आधीच माहीत असतं का?