बावीस अक्षरांचा पत्ता

हॉस्पिटलात त्याला सगळे दोनदाभाऊ म्हणत. कॉम्प्युटर विभागातला हा माणूस प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायचा. कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघायचा. लग्नालाही याने दोनदा होकार दिला असेल, अशी लोक चेष्टा करायचे. आणि चूक झाली ती नेमकी ह्याच्याच हातून, आता काय म्हणावं!

घशाच्या कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागे, त्यांचा आवाज तिथे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रेकॉर्ड करून ठेवत. रेकॉर्डिंग करायचं आणि जपायचं काम भाऊकडे. मूळ रेकॉर्डिंग जुन्या डिस्कवर, तारखेप्रमाणे. पेशंट नावाने सापडावा म्हणून त्याने वेगळा फोल्डर केला होता, त्यात नुसत्या सिम्बॉलिक लिंक. म्हणजे फाइल दिसते, पण आत आवाज नसतो. मूळ फाइल कुठे आहे, तेवढा पत्ता लिहिलेला असतो. कॉम्प्युटर तो पत्ता वाचून तिथली फाइल वाजवतो. तिथे काहीच नसेल, तर हात वर करतो.

जुनी डिस्क कुरकुरायला लागली, तेव्हा भाऊने नावांचा फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी केला. त्याची नेहमीची कमांड लिंकमागचा आवाज उचलून आणायची. या वेळी वापरलेल्या कमांडने नुसत्या लिंक जशाच्या तशा आणल्या, आवाज जुन्या डिस्कवरच राहिले. भाऊने नावं मोजली, चारशे अठरा. पुन्हा मोजली. दहा फाइली वाजवून पाहिल्या, दहाही बोलल्या. बोलणारच हो! जुनी डिस्क अजून जोडलेलीच होती, सगळे पत्ते तिथेच जात होते. मग पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये या नियमाप्रमाणे त्याने जुनी डिस्क पार पुसली. तीही दोनदा.

पंधरा दिवसांनी एक निवृत्त मास्तर बायकोबरोबर आले. गळ्याला पट्टी, हातात पाटी. नात झाली होती, आणि होणाऱ्या नातवंडासाठी मास्तर ऑपरेशनआधी चार शब्द बोलून गेले होते.

भाऊने नावावर क्लिक केलं. फाइल सापडत नाही. त्याने साइज पाहिली: बावीस बाइट. पत्त्याची बावीस अक्षरं, बस. दुसरं नाव, तिसरं नाव, सगळीकडे तेच.

"मास्तर, तुमचा आवाज गेला. माझ्या चुकीने गेला," तो म्हणाला. "परत आणता येणार नाही."

बायकोने पदर तोंडाला लावला. मास्तरांनी पाटी पुढ्यात घेतली. मग लिहिलं: "रेकॉर्डिंग तुम्हीच केलं होतं. मी काय बोललो, सांगा."

खोटं सांगणं सोपं होतं. भाऊची मान खाली गेली. "मी ऐकलं नव्हतं, मास्तर. स्क्रीनवरची आवाजाची पट्टी हलतेय ना, एवढंच बघत होतो."

मास्तरांनी पाटी पुसली. पुन्हा लिहिलं: "बाकीच्यांना कधी सांगणार?"

ते गेल्यावर भाऊने पेशंटची यादी काढली आणि पहिला नंबर फिरवला. पलीकडे फोन उचलला गेला. कुणी बोललं नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. भाऊने स्वतःचं नाव सांगितलं आणि बोलायला सुरुवात केली.