आत्याचा नंबर

गाडी तापली म्हणून माझी आत्या कधी कुणाच्या दारात पाणी मागायला गेली नाही. उदगीर-देवणी रस्त्यावर ती काळीपिवळी जीप चालवायची. दुष्काळात बाकीचे ड्रायव्हर दिसेल त्या वस्तीवर थांबून रेडिएटरसाठी घागर मागत. आत्या भडकायची. "बाया टँकरमागं पळून राहिल्या, अन् ह्यांच्या इंजिनाला पाणी पाहिजे! लाज हाय का?"

त्याच उन्हाळ्यात तिच्या जीपच्या रेडिएटरमधलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी व्हायला लागलं. तापमानाचा काटा वर गेला तशी तिनं भर रस्त्यात गाडी थांबवली आणि माणसं दुसऱ्या गाडीत बसवून दिली. स्टँडचा नियम कडक होता. भरलेली गाडी पुन्हा वाटेत बंद पडली की रांगेतला नंबर गेला. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, वारल्यावर तो नंबर तिनं सगळ्या स्टँडशी भांडून स्वतःकडे ठेवला होता. तो गेला असता तर तिला परत कुणी रांगेत उभं केलं नसतं.

स्टँडचे अध्यक्ष नव्या जिल्ह्याच्या मागणीचा बोर्ड रंगवून घेत होते. तिथूनच म्हणाले, "आत्या, इंजिनाचं हेड गेलंय. भंगारात द्या अन् आरामात घरी बसा."

"घरी बसून काय करू? जिल्हा व्हायची वाट बघू?"

कुणी रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितलं. गळती बुजते म्हणे. "हळद लग्नात लावा," आत्या म्हणाली. "आतल्या नळ्या बुजल्या तर तू साफ करणार हाईस का?"

पंचाईत ही होती की गाडीखाली थेंब दिसत नव्हता. मी तेव्हा कापडाच्या दुकानात कामाला होते. सुट्टीच्या दिवशी गेले तर आत्या थंड इंजिन फडक्यानं कोरडं करून त्यावर तोंडाला लावायची पावडर फुंकत होती. स्टँडवर हशा पिकला.

"आत्या, इंजिनाला नटवून राहिलात का?"

"तुझ्या थोबाडापरीस बरं दिसतंय."

मला तिनं ॲक्सिलरेटर दाबायला बसवलं. थोड्या वेळानं वॉटर पंपाखालच्या पांढऱ्या पावडरीत एक बारीक ओली रेघ उमटली. पंपाचं सील गेलं होतं. गाडी पळताना तिथून उडालेलं कूलंट पंखा गरम इंजिनावर फेकायचा आणि ते तिथंच वाळायचं. खाली थेंब पडणार कुठून?

लातूरहून पंप आणून तिनं स्वतः बसवला. काढलेलं कूलंट जुन्या लुगड्यातून गाळून परत भरलं. दुसऱ्या दिवशी गाडी रांगेत लावली आणि पुढची सीट अध्यक्षांसाठी रिकामी ठेवली. "बसा. बंद पडली तर तिथंच नंबर काढून घ्या."

देवणीला उतरल्यावर अध्यक्षांनी बॉनेटला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "तापलंय की!"

"इंजिन हाय ते, माठ न्हाई. काटा बघा."

काटा जागेवर होता. परतीच्या वाटेवर आत्याच बोलत होती.

आता आत्या नाही. तिचा तेरावा झाल्यावर अध्यक्ष घरी आले. नंबर सोडता का, असं त्यांनी जरा आडवळणानं विचारलं. लायसन्स मला आत्यानंच मागे लागून काढायला लावलं होतं आणि दुकानाची नोकरी मी आदल्याच दिवशी सोडली होती. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, उद्या सकाळी पहिली गाडी आमची आहे.