चिखलीच्या पुढचा मोड

मलकापूर, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, जालना. आमचे सगळे सोयरे याच रस्त्यावर. पूर्वी समोरून एसटी आली की आपली गाडी डांबरावरून खाली उतरवावी लागायची. आता रस्ता चांगला रुंद झालाय.

चिखलीच्या पुढं एक मोड होता, एकदम आडवं वळण. तिथं माझ्या मोठ्या भावाला अपघात झाला आणि तो जागीच गेला. तेव्हापासून जालन्याला जाताना आम्ही दर वेळी तिथं थांबतो, आई नारळ फोडते.

आज सकाळी गाडी मी चालवत होते, आई-बाबा सोबत होते. गप्पा रंगल्या आणि एकदम देऊळगाव राजाच आलं.

"मोडावर काऊन नाही थांबली वं?" आईनं विचारलं. नारळ तिच्या मांडीवरच होता.

मोड आलाच नव्हता. आम्ही मागं फिरलो. एका चहावाल्याला विचारलं.

"रोड सरळ केला न जी. जुना मोड थो, तिकडं वावरापाशी."

जुन्या डांबरावर कोणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं.

बाबा खाली उतरून तिथं उभे राहिले. म्हणाले, "बरं झालं. आता इथं कोनाचं पोरगं नाही जाणार."

आईनं नारळ फोडला नाही. "पानी उडन लोकाइच्या सोयाबीनवर," म्हणाली आणि गाडीत बसली.

मला वाटलं होतं, रडू येईल. अजूनही आलेलं नाही.

तुमची अशी एखादी जागा रस्त्यानं मागं टाकली आहे का? मग तुम्ही कुठं थांबता?

संध्याकाळी घरी आल्यावर आईनं त्याच नारळाची चटणी केली. बाबांनी दोनदा मागून घेतली.