कुसैसच्या वांग्यांची रेखाताई

रेखाताईच्या यजमानांचा, प्रकाशरावांचा फोन जळगावहून आला तेव्हा मी दुबईत रास अल खोरच्या ऑफिसात होते. "मृणाल, रेखा गेली गं सकाळी," एवढंच ते म्हणाले. त्यांच्या मागे घरात जमलेल्या माणसांचे आवाज येत होते... फोन ठेवून मी आमच्या बेसबॉल टीमच्या ग्रुपवर बातमी टाकली. संध्याकाळी प्रॅक्टिस होती. रद्द करायची का, असं एकानेही विचारलं नाही. दिवस मावळल्यावरही भट्टीसारखी हवा होती, तरी सगळे आले. आमचा पिचर प्रमोद नेहमीसारखा चेंडू टाकायला उभा राहिला. त्याचे डोळे सुजलेले होते, पण चेंडू मात्र सरळ येत होते. त्या दिवशी आम्ही रडलो ते असं, धावत धावत.

रेखाताई देशमुख माझी शेजारीण. अल कुसैसला आमच्या एकाच मजल्यावर समोरासमोर फ्लॅट. ती एका शिपिंग कंपनीत डॉक्युमेंटेशन बघायची, मी एचआरमध्ये. संध्याकाळी दोघी बागेत चालायला जायचो. लग्नाआधी ती जळगावात सॉफ्टबॉल खेळायची, जिल्ह्याच्या टीमची कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारी, होती, हे मला तिथेच कळलं, आणि तेही अपघाताने. तळ्याच्या पलीकडे दोन पोरं एकमेकांकडे चेंडू टाकत होती. ताई बोलता बोलता एकदम थांबली. "ऐकलंस?" मला काहीच ऐकू आलं नव्हतं. "ग्लव्हमध्ये चेंडू बसल्याचा आवाज. हा आपल्याकडचा हात आहे." आणि ती हिरवळ तुडवत तडक त्यांच्यापाशी गेली.

"कुठला रे तू?"

"अमरावती, ताई," त्यातला उंच मुलगा बावचळून म्हणाला. तोच प्रमोद. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, तिथेच कंपनीच्या खोलीवर राहायचा, आणि सुटी म्हणून कुसैसला मित्राकडे आला होता.

"पिचर होतास ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"खांद्यावरून कळलं. टाक बघू एक." आणि पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून, मित्राचा ग्लव्ह मागून घेऊन, ताई मातीत उकिडवी बसली. पंचवीसेक वर्षांनी बसत असेल. चेंडू तिच्या हातात असा बसला की बाकावरचे लोक वळून बघायला लागले. उठताना मात्र गुडघ्याने साथ सोडली. मी आणि प्रमोदने तिला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं, आणि ती इतकी हसली, इतकी हसली... मला वाटतं आमची टीम त्या हसण्यात जन्माला आली.

इथे सॉफ्टबॉलची सोय नव्हती. बेसबॉलची होती. नाना देशांच्या नोकरदार लोकांनी चालवलेली एक हौशी लीग, तिचे दोन डिव्हिजन, हिवाळाभर दर रविवारी सकाळी मॅचेस. ताईने पोरं जमवून खालच्या डिव्हिजनमध्ये टीमचं नाव घातलं. सॉफ्टबॉलमध्ये पिचर खालून चेंडू टाकतो, बेसबॉलमध्ये डोक्यावरून. चेंडू लहान, अंतर जास्त, सगळंच नव्याने शिकायचं. जर्सी शिवायला दिल्या होत्या निळ्या, आल्या गडद जांभळ्या. पहिल्याच मॅचला समोरच्या टीममधून कुणीतरी "एगप्लँट्स!" म्हणून ओरडलं आणि अख्खं मैदान हसलं. आमच्या पोरांचे चेहरे पडले. ताई म्हणाली, "मी जळगावची आहे. माझ्यासमोर वांग्याला नावं ठेवतात होय?" आणि मॅच संपल्यावर लीगच्या टेबलापाशी जाऊन तिने टीमचं नावच बदलून घेतलं. कुसैस ब्रिंजल्स. आमच्यासाठी कुसैसची वांगी. परतताना मला हळूच म्हणाली, "आमच्या भरताची वांगी खरं तर हिरवी असतात. पण ह्यांना कुठे सांगत बसतेस?"

पहिल्या सीझनला आम्ही सगळ्या मॅच हरलो. दुसऱ्यालाही. मग लीगच्या मीटिंगमध्ये ठरलं की ग्राउंड कमी पडतंय, पुढच्या वर्षी जी टीम शेवटची येईल ती बाहेर. सगळ्यांची नजर आमच्यावर होती. त्यातच आमचा कॅचर नोकरी सोडून गावी परतला, आणि प्रॅक्टिसला माणसं येईनात. दिवसभर उन्हात राबून, बस बदलत शहराच्या दुसऱ्या टोकाहून कुसैसला यायचं म्हणजे पोरांच्या अंगात त्राणच उरायचं नाही. मी म्हटलं, "ताई, खलास. जाऊ दे आता." ती म्हणाली, "त्यांना इथे यायला जमत नाही ना? मग आपण तिथे जाऊ."

आणि आम्ही गेलो. दर गुरुवारी ऑफिस सुटलं की ती बॅटा गाडीत टाकायची आणि आम्ही ट्रॅफिकमधून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क गाठायचो. कामगारांच्या इमारतींमागे एक मोकळा वाळूचा तुकडा होता, तिथे दिव्याच्या खांबाखाली प्रॅक्टिस. पहिल्या दिवशी गॅलरीतून लोक नुसते बघत होते. पुढच्या वेळी खाली उतरले. मग त्यांच्यातलेच खेळायला लागले. रत्नागिरीकडचे दोन वेल्डर, एक नेपाळी आचारी, आणि डॅनी नावाचा फिलिपिनो इलेक्ट्रिशियन, जो हरणासारखा पळायचा. त्यांच्या भाषेत वांग्याला 'तालोंग' म्हणतात हे त्यानेच सांगितलं. सगळ्यांशी हिंदीत बोलता बोलता ताई ऐन खेळात मात्र मराठीवर यायची. "मागे! पुढे! घरी!" बेसबॉलमध्ये जिथून खेळाडू निघतो आणि जिथे परत येऊन धाव पुरी करतो त्या जागेला होम म्हणतात. ताई तिला घरच म्हणायची. समोरच्या टीमला काही कळायचं नाही, म्हणून आम्ही सगळ्यांनीच ते शब्द उचलले. डॅनी 'गरी' म्हणायचा.

राहिला प्रश्न कॅचरचा. ताईने माझ्याकडे बघितलं. मी ठाण्याची, शाळेत लंगडीसुद्धा धड न खेळलेली, चाळिशीला टेकलेली. "अगं, मला चेंडूची भीती वाटते," मी म्हटलं. "वाटू दे. डोळे मिटू नकोस, एवढंच सांगते. बाकी आठ जण तुझ्याकडे तोंड करून उभे असतात. अख्खं मैदान एकटीला दिसतं, मृणाल. अशी जागा बाईला कुठे मिळते?" हे वाक्य मी आजवर कितींदा आठवलं असेल... पहिल्या मॅचला मास्क चढवून बसले तर लीगचे मॅनेजर, तसे भले गृहस्थ, लगबगीने आले. "मॅम, शी इज गोइंग टू कॅच?" ताई शांतपणे म्हणाली, "शो मी द रूल, हबीबी." त्यांनी नियम चाळले. बाई चालत नाही असं कुठेच नव्हतं. ते हसले, 'चला' म्हणावं तसं अरबीत म्हणाले, "यल्ला, प्ले."

त्या वर्षी आम्ही शेवटचे आलो नाही. पहिली मॅच जिंकलो तेव्हा नेपाळी आचाऱ्याने ताईला उचलून घेतलं. तिची मुलगी सई लाजून म्हणाली, "ममा, एव्हरीवन इज लुकिंग!" आणि ताई वरून म्हणाली, "बघू दे की!"

पुढच्या सीझनच्या तोंडावर ताईचा आजार निघाला. कॅन्सर. तिने ते लपवलं नाही की त्याचं फार काही केलंही नाही. टीमला गोल बसवून म्हणाली, "मला ट्रीटमेंट घ्यायची आहे. केस जातील, दमायला होईल. तुमची प्रॅक्टिस चुकता कामा नये." प्रमोद मान खाली घालून बसला होता. त्याच्या पाठीवर चापट मारून म्हणाली, "काय रे, माझा खांदा थोडाच गेलाय? तुझा सांभाळ."

त्या वर्षी आम्ही काय खेळलो! माझं मलाच नवल वाटतं. प्रमोदचा चेंडू आता वरून असा सुटायचा की बॅट फिरेपर्यंत तो माझ्या ग्लव्हमध्ये असायचा. एकेक टीम मागे पडत गेली आणि शेवटच्या रविवारी डिव्हिजनच्या विजेतेपदाची मॅच आमची होती, तीही त्याच टीमशी, जिने आम्हाला वांगी म्हटलं होतं. ताई डोक्याला जांभळा रुमाल बांधून घडीच्या खुर्चीत बसली होती. डॉक्टरांना विचारलं का, म्हटलं तर म्हणाली, "विचारलं. त्यांनी स्कोअर कळवायला सांगितलाय."

शेवटची इनिंग. आम्ही एका धावेने पुढे. त्यांचे दोन जण बाद, तिसरा बाद झाला की मॅच आमची; पण एक जण दुसऱ्या बेसवर. आणि त्यांच्या सगळ्यात जोरकस बॅटरने चेंडू प्रमोदच्या डोक्यावरून पार मागे मारला. दुसऱ्या बेसवरचा गडी सुसाट सुटला, तिसरा बेस ओलांडून थेट माझ्याकडे. तो घरी पोचायच्या आत चेंडू त्याला टेकवला तरच तो बाद. मागे डॅनीने चेंडू उचलला. आणि तेव्हा ताई खुर्चीतून उठली. इतक्या महिन्यांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता.

"घरी! डॅनी, घरी!"

मग सगळेच ओरडायला लागले. वेल्डर, आचारी, बाकावरची पोरं, कुंपणापलीकडे बघायला आलेले त्यांचे खोलीसोबती, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द. घरी, घरी! चेंडू लांबून येत होता, एक टप्पा पडला. धावणारा माझ्या अंगावर येत होता. मी डोळे मिटले नाहीत. चेंडू ग्लव्हमध्ये बसला, मी तो तसाच त्याच्या पायाला टेकवला आणि दोघंही धुळीत कोलमडलो. धूळ खाली बसेपर्यंत कुणाला काही दिसेना. मग अंपायरचा हात वर गेला. आउट!

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते इतकंच की मास्क काढला तर समोर ताई होती. तेवढं अंतर ती कशी चालत आली कोण जाणे. माझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "दिसलं ना सगळं मैदान?" मी मान हलवली. कप घ्यायला तिने प्रमोदला पुढे केलं. तो ऐकेना, तेव्हा अख्ख्या टीमनेच तिला खुर्चीसकट उचलून नेलं. ज्यांनी पहिल्या वर्षी हसून घेतलं होतं, ते टोप्या काढून रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

उन्हाळा लागला तशी ती जळगावला भावाकडे गेली. आमचं शेवटचं बोलणं फोनवर झालं, तेव्हा आवाज खोल गेला होता, पण जिंकल्यामुळे आम्ही आता ज्या वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार होतो तिथे कोण कोण टीम आहेत हे तिने खोदून खोदून विचारलं. "मोठे आहेत गं ते, ताई," मी म्हटलं. "असू दे. चेंडू तेवढाच असतो ना?" म्हणाली...

मागच्या रविवारी वरच्या डिव्हिजनमधली आमची पहिली मॅच झाली. प्रकाशराव आता दुबईला परतलेत. इतकी वर्षं ते मैदानावर आले तरी गाडीत एसी लावून बातम्या बघत बसायचे. मॅच संपली की काच खाली करून विचारायचे, "काय, तुमची टीम हरली का?" परवा ते उन्हात टोपी घालून बाकावर बसले होते. मधेच मला बोलावून म्हणाले, "तीन स्ट्राइक झाले तरी तो पळाला कसा?" मी सांगितलं, की तीन स्ट्राइक म्हणजे एरवी बाद, पण तिसरा चेंडू कॅचरच्या हातून निसटला तर त्याला पळता येतं. "असं होय!" ते खुशीत म्हणाले. "मग तू सोडू नकोस हं."

त्याच दुपारी आम्ही दोघं कुसैसला लिफ्टने वर येत होतो, त्यांच्या खांद्यावर बॅटांची पिशवी. पाचव्या मजल्यावरचे केरळी अंकल आत शिरले, आमचे धुळीने माखलेले कपडे बघून म्हणाले, "मॅच था? क्या हुआ?"

प्रकाशरावांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"हम जीत गये," ते म्हणाले.